"आता काय राहिलंय" म्हणणाऱ्या वडिलांचं काय करायचं? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी जरा सांगा

अनगोळचा_पोरगा | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचालोय, आज पहिल्यांदाच धागा काढालोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय पप्पांचा आहे. वय ६८. लाईनमन होते. खानापूर तालुक्यात बरीच वर्षं काढली, कणकुंबी-जांबोटीकडचा जुलैचा पाऊस काय असतो ते तिकडच्यांनाच माहीत, त्या पावसात रात्री दोनला तारेवर झाड पडलं म्हणून फोन आला की रेनकोट चढवून निघायचे आणि आई देवाजवळ दिवा लावून बसायची. असा माणूस. रिटायर झाल्यावर पहिली चार-पाच वर्षं मजेत गेली, घरावर मजला चढवला, आईला घेऊन पंढरपूर तुळजापूर झालं, गल्लीतल्या गणपतीचं लायटिंग तर तेच बघायचे. गेली दोन-अडीच वर्षं मात्र उठलं की सोफा, टीव्ही, मोबाईल. काहीही म्हणा, उत्तर एकच.

पप्पा चला वॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरून येऊया. "आता काय राहिलंय."
दाढ दुखत्येय, दाखवून येऊया. "आता काय राहिलंय, किती दिवस चावायचंय मला."
चप्पल झिजली, नवीन घेऊया. "आता काय राहिलंय, आहे ती पुरते."

परवा माझी आठ वर्षांची पोरगी पाढे पाठ करताना कंटाळली आणि वही मिटून अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, "आता काय राहिलंय." सगळे हसलो. खरं मला रात्री झोप नाही आली.

शुगर बीपी बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये. पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे. म्हणजे म्हणायला दुःख काही नाही. आमच्याच गल्लीत त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बायपास झालेले, एक तर काठी घेऊन चालणारे, मजेत असतात. हे लोक वेगळं काय करतात? व्हॉट्सॲपवरचे सुविचार नकोत, ते पप्पाच मला पाठवतात. डोळ्यांनी बघितलेलं सांगा.

---

कुंद्याचा_तुकडा | रविवार, रात्री ११:०५

रिमोट लपवा. चेष्टा नाही करत. आमच्याकडं उंदरानं केबलची वायर कुरतडली, अज्जा तीन दिवस घरभर चिडचिड करून चौथ्या दिवशी स्वतःच्या पायानं कपिलेश्वरला गेले, ते अजून जातात. उंदराचे उपकार.

---

खानापुरी_मिठाई | सोमवार, सकाळी ७:१५

कणकुंबीत काम केलेल्या माणसाला सलाम आधी. आमच्याकडं दोन दोन दिवस लाईट नसायची आणि हे लोक गुडघाभर पाण्यातनं यायचे.

माझं मत, त्यांना फिरायला न्यायच्या आधी काम द्या. आयुष्यभर लोक ज्याची वाट बघत होते त्याची आता कुणीच वाट बघत नाही, ते टोचतंय.

---

हिंदवाडीची_आजी | सोमवार, सकाळी ९:३०

बाळा, मी ७४ ची आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्या पार्टीची. नातवानं मराठी कीबोर्ड घालून दिलाय, सावकाश टाईप करते, घाईघाईनं मधे कुणी विनोद घालू नका.

खानापुरी म्हणतात ते बरोबर, खरं "काम द्या" म्हणून कुठलंही काम दिलं की चालत नाही. म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं की हे मला गुंतवून ठेवायलेत. माझ्या सुनेनं (गुणाची आहे, वाचत असेल तर वाचू दे) मला मध्ये शेंगा सोलायला देऊन ठेवल्या होत्या, घरात सोललेले शेंगदाणे दोन किलो असताना. मी सोलल्या. आणि रात्री रडले.

आता माझं सांगते. मी मांडे करते. करत होते. आमच्या घरी लग्नाच्या रुखवताचे मांडे माझ्या आईपासनं चालत आलेत. मांडा कसा होतो ते नवीन पिढीनं दुकानातल्या डब्यातच बघितलंय म्हणून सांगते. पिठीसाखर, खवा, वेलदोडा भरलेला उंडा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन मनगटापासनं कोपरापर्यंत खेळवत खेळवत एवढा पातळ करायचा की पलीकडची चूल दिसावी, आणि उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर एका झटक्यात पसरायचा. फाटला तर सारण जळतं आणि सगळं घर करपल्या साखरेच्या वासानं भरतं. त्याला खांदा लागतो. ६९ व्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी घालता येईना. मी खापर माळ्यावर टाकायला सांगितलं. तुझ्या पप्पांचं ते वाक्य मी वर्षभर म्हटलंय.

मग पुतणीच्या मुलीचं लग्न निघालं. त्या पोरींनी माझ्याकडनं खापर मागून नेलं, व्हिडिओ बघून केलं आणि पंधरातले अकरा फाडले. फोन आला, काकू तुम्ही नुसत्या येऊन बसा. गेले. पाटावर बसले, कणकेला हात लावला, आणि कळलं. कणीक कानाच्या पाळीसारखी लागली पाहिजे, यांची गालासारखी होती. अजून तासभर मुरवायला लावली. मग एकही फाटला नाही.

तेव्हापासनं मी मांडा हातावर घेत नाही. कणीक आणि सारण माझं, खापरावरचा जाळ माझा, खेळवणं पोरींचं. वर्षात दोन-तीन लग्नं होतात. खांदा अजून धरलेलाच आहे बरं का, पाऊस आला की ठणकतो. बरं वाटायला खांदा बरा व्हायची गरज नव्हती एवढंच सांगते.

आणि एक. मला कुणी "वयाच्या मानानं छान दिसता हो" म्हटलं की राग येतो. वयाचा मान वेगळा काढून ठेवा की.

---

कुंद्याचा_तुकडा | सोमवार, सकाळी ९:४५

आजी पाया पडतो. विनोद बंद.

---

फिजिओ_टिळकवाडी | सोमवार, दुपारी २:१०

धंद्यानं फिजिओ आहे, त्यामुळं रोज अशी वीस माणसं बघतो. आजींनी जे केलं त्यावर खरंच अभ्यास झालाय. पॉल बाल्टेस नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ होते, ते रुबिनस्टाईन या जगप्रसिद्ध पियानोवादकाचं उदाहरण द्यायचे. ऐंशीच्या घरात एवढं चांगलं कसं वाजवता असं त्यांना विचारलं होतं. म्हणाले, आता थोड्याच रचना वाजवतो, त्यांचा रियाज जास्त करतो, आणि जलद भाग यायच्या आधी मुद्दाम हळू वाजवतो म्हणजे पुढचं आपोआप जलद वाटतं. म्हणजे कमी निवडायचं, निवडलेलं घोटायचं, आणि जे गेलं त्याला पर्याय शोधायचा. आजींनी खापर आणि कणकेवर हेच केलं.

आता धागाकर्त्याच्या मूळ वाक्याकडं. ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात १९७५ मध्ये पन्नाशीच्या वरच्या लोकांना म्हातारपणाबद्दल प्रश्न विचारले होते. त्यातलं एक विधान असं की वय वाढेल तसा माणूस कमी उपयोगाचा होतो, पटतं का? बोला, हे आपलं "आता काय राहिलंय" च आहे की. पुढं येल विद्यापीठाच्या बेक्का लेव्ही यांनी त्यातल्या ६६० जणांचा हिशोब काढला आणि २००२ मध्ये छापला. ज्यांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं वाटत होतं ते बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा हे सगळं हिशोबात धरून सुद्धा. याचा अर्थ सकाळी आरशात बघून "मी तरुण आहे" म्हटलं की आयुष्य वाढतं असा कुणी काढू नका, ज्याला आपला उपयोग नाही असं वाटतं तो औषध वेळेवर घेत नाही, फिरत नाही, दाढ दाखवत नाही, एवढी साधी साखळी सुद्धा त्यात असणार.

दोन गोष्टी करून बघा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत पप्पांना बसवा, हात छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसतात ते मोजा. ६५ ते ६९ च्या पुरुषाचे १२ पेक्षा कमी झाले तर पायातली ताकद कमी पडत्येय. नुसतं चालून ती येत नाही, जिना, उठाबशा, थोडं वजन उचलणं पाहिजे, आणि एका पायावर उभं राहायचा सराव भिंतीला धरून. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगते आणि ज्येष्ठांना तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातनं तीन दिवस तरी. आणि संडासात धरायला दांडी बसवा हो, लोक वरच्या मजल्याला दहा लाख घालतात आणि दांडीला नको म्हणतात.

दुसरी गोष्ट, सहज विचारतो. टीव्हीचा आवाज किती असतो तुमच्याकडं?

---

निपाणीची_सून | सोमवार, रात्री ८:५०

सगळ्यांचं वाचून झालं. छान आहे. आता जरा कडू बोलते, राग मानू नका.

आमच्या सासूबाई ७१. बाराव्या वर्षापासनं विड्या वळल्या. निपाणीच्या हजारो बायकांनी हेच केलंय. ओल्या फडक्यातलं पान काढायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमटीनं तंबाखू, वळायचं, दोरा. हजार विड्यांची मजुरी ठरलेली, मग पाठ मोडो नाहीतर ताप येवो. यांना रिटायरमेंट म्हणजे काय ते माहीत नाही. पीएफची पेन्शन महिन्याला हजार रुपये, २०१४ पासनं किमान तेवढीच आहे ती, आणि त्यातही बऱ्याच जणींच्या नावात घोळ म्हणून तीही नाही. तर हे आनंदी म्हातारपण वगैरे पेन्शनवाल्यांचं. वॅक्सिन डेपोत कॅनव्हासचे बूट घालून फिरणाऱ्यांचं.

आणि दुसरं. म्हाताऱ्या माणसाला ॲक्टिव्ह ठेवायचं म्हणजे घरात कोण धावतं? सून. सकाळी त्यांचं मुगाचं वेगळं, गरम पाणी वेगळं, भजनाला सोडायला जा, आणायला जा. त्यावर कधी धागा निघत नाही.

---

अनगोळचा_पोरगा | सोमवार, रात्री ९:२०

ताई राग कसला, खरं आहे. आमच्याकडं पण ते सगळं आई आणि बायकोवरच आहे, मी ऑफिसातनं येऊन धागे काढतो.

फिजिओ सर, टीव्हीचा आवाज ३८. मी बघतो तेव्हा १४ वर ठेवतो. शेजारच्या घरात बातम्या फुकट ऐकू जातात. खुर्चीची टेस्ट केली, हो नाही करत तयार झाले, ९ झाल्या. दहाव्याला "आता काय" म्हणाले आणि बसले.

---

चंदगडी_गडी | सोमवार, रात्री १०:००

जरा हलकं घ्या. आमचे बाबा ७८. महाराष्ट्रात ७५ च्या वरच्यांना २०२२ पासनं एसटी फुकट आहे, तेव्हापासनं बाबा घरात सापडत नाहीत. बेळगावला भाजी घ्यायला म्हणून निघतात. आता गंमत बघा, सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, म्हणजे शिनोळीपर्यंत फुकट आणि पुढं तिकीट. त्याच सीटवर बसलेला माणूस शिनोळीच्या अलीकडं ७८ चा ज्येष्ठ नागरिक आणि पलीकडं फुल तिकीटवाला तरुण. बाबा म्हणतात सीमाभागात राहिलं की वय कमी होतंय ते असं.

भाजी मात्र एक मेथीची पेंडी आणतात. चार तासाचा प्रवास, एक पेंडी. कंडक्टर, पानवाला, भाजीवाली, सगळ्यांची खबरबात आणतात ती वेगळी.

---

हिंदवाडीची_आजी | मंगळवार, सकाळी ८:४०

चंदगडी, आमच्याकडं उलटं आहे. ११ जून २०२३ पासनं कर्नाटकात बायकांना साध्या बसला तिकीट नाही. माझी एक बहीण गोकाकला, एक निपाणीत. आधी वर्षात एकदा, लग्नात नाहीतर मयतात भेटायचो. आता जीव झाला की जाते, डबा घेऊन जाते, संध्याकाळी परत. आमचे हे मात्र ६० च्या वरच्यांना २५ टक्केच सवलत म्हणून कुरकुरतात, म्हणतात तू जाऊन ये मी घर सांभाळतो. ५० वर्षांत पहिल्यांदा घर सांभाळायलेत.

निपाणीच्या पोरी, तुझं बोलणं लागलं मनाला. मांड्याचं कौतुक सांगताना माझ्या सुनेनं त्या दिवशी मागं किती भांडी घासली ते मी लिहिलं नाही.

---

येळ्ळूरचा_भात | मंगळवार, दुपारी १२:३०

विषयाला जरा फाटा. आनंदात राहायचं असेल तर जमीन घर हयातीत पोरांच्या नावावर करायची घाई करू नका, आमच्या शिवारात दोन उदाहरणं डोळ्यासमोर आहेत. आणि केलंच बक्षीसपत्र तर त्यात "आम्हाला सांभाळायचं" ही अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या २३ व्या कलमात अट मोडली तर ते रद्द करून घेता येतं. कोर्टाच्या पायऱ्या नकोत, प्रांतांसमोर अर्ज चालतो. आधी माहिती हवी असेल तर १४५६७ ला फोन करा, ज्येष्ठांसाठीच आहे.

बाकी माझं वय ६६, अजून नांगरटीला ट्रॅक्टर मीच चालवतो, पोरगा बंगळूरला कॉम्प्युटर चालवतो.

---

आईची_लेक_शहापूर | मंगळवार, रात्री ११:४५

लिहू की नको करत होते. माझी आई चार वर्षं अंथरुणावर आहे. पॅरालिसिस. तिनं आयुष्यभर सगळं बरोबर केलं. चालायची, उपास, पारायण, चार घरच्या लग्नात पुढं. तरी झालं. आनंदी लोक काय वेगळं करतात असं वाचलं की वाटतं माझ्या आईनं काय चुकीचं केलं.

बाकी ती रोज संध्याकाळी डाव्या हातानं खूण करते, खिडकी उघड. समोरच्या माडावर पोपट येतात. किती आले ते बोटांनी दाखवते. काल सहा.

---

फिजिओ_टिळकवाडी | बुधवार, सकाळी ६:५०

ताई, तुमच्या आईनं काही चुकीचं केलेलं नाही. माझ्या परवाच्या पोस्टमधे तो सूर आला असेल तर माफ करा.

धागाकर्ते, ३८ आवाज वाचून मला खुर्चीपेक्षा कानाची काळजी जास्त. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, स, श, त, क असली अक्षरं, लहान पोरांचे आणि बायकांचे आवाज. माणसाला "आवाज येतोय पण शब्द कळत नाही" असं होतं. आणि चारजण एकदम बोलायला लागले, म्हणजे आपला कट्टा, की काहीच लागत नाही. मग तो हसल्यासारखं करतो, दोनदा चुकीचं उत्तर देतो, लोक हसतात, आणि तिसऱ्यांदा तो जातच नाही. घरचे म्हणतात स्वभाव बदलला. गणपतीचं लायटिंग करणारा माणूस अडीच वर्षांपूर्वी एकदम का बसला ते विचारा. लॅन्सेटच्या समितीनं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात बहिरेपण आहे, आणि त्या वेळी नजर जाणं हे पण नव्यानं घातलंय. तेव्हा "वयानं होतंच" म्हणून सोडू नका. ऑडिओमेट्री करून घ्या, अर्ध्या तासाचं काम.

कान तपासेपर्यंत ओरडू नका, समोर जाऊन तोंडाकडं बघून सावकाश बोला. ज्यांना परवडत नाही त्यांनी राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिराची चौकशी करा, २०१७ पासनं आहे, गरीब ज्येष्ठांना कानाचं मशीन, कवळी, चष्मा, काठी, वॉकर फुकट मिळतो.

---

निपाणीची_सून | बुधवार, सकाळी १०:१५

नजरेचं वाचून आठवलं म्हणून परत आले. सासूबाईंच्या विड्या दोन वर्षांपूर्वी थांबल्या त्या डोळ्यांनी. मोतीबिंदू. दोरा दिसेना. आम्हाला वाटलं बरं झालं, सुटल्या. तर त्या जास्तच खचल्या, आणि मला राग यायचा, की बाई आता तरी आराम कर. नंतर लक्षात आलं की सोप्यात चौघीजणी सुपं मांडीवर घेऊन बसायच्या, गप्पा, भांडणं, सगळ्या गावाच्या सुनांची उणीदुणी, ते सगळं विड्यांबरोबर गेलं. शिबिरात ऑपरेशन झालं. आता विड्या नाही वळत, मी वळू देत नाही, खरं दुपारी दोन वाजले की त्या तिघींच्या सोप्यात जाऊन बसतात आणि दुसऱ्याच्या सुपातली पानं कापून देतात. मजुरी नाही. फुकट. मला आधी पटलंच नाही.

पेन्शनचं मी बोलले ते मागं घेत नाही.

---

हार्मोनियम_रीड | बुधवार, रात्री ९:००

बेळगावात बसून म्हातारपणावर बोलतोय आणि रामभाऊ विजापुरे मास्तरांचं नाव कुणी घेतलं नाही? १९१७ चा जन्म, २०१० ला गेले, ९३ वर्षं. उतारवयातही पेटी आणि शिकवणं सुटलं नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी "मास्तर" म्हटलं की तेच. नव्वदीतला माणूस समोर आठ वर्षांचं पोर घेऊन सारेगम करतोय, कुणाला तरी काही कमी वाटेल का त्यात.

---

शहापूरचा_माग | गुरुवार, सकाळी ११:२०

वडगाव-खासबाग-शहापूरकडं घराघरात माग. आमचे अण्णा ७२, पन्नास वर्षं धागा सांधून सांधून बोटांच्या रेषाच गेल्यात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. "परत ठेवा, परत ठेवा," असं सात वेळा, मागं रांग ओरडालीय, आणि अण्णा हात धोतराला पुसून पुसून ठेवतात. जिवंत माणूस समोर उभा आहे तरी मशीन म्हणतं हा नाही. त्या दिवसापासनं अण्णा रेशनला गेले नाहीत. आता पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याला तरी मोबाईलवर चेहरा दाखवून चालतं, २०२१ पासनं, हे पण गल्लीतल्या कितीजणांना माहीत आहे?

आणि दुसरी अडचण ती तुम्हाला माहीतच आहे. कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा योजनेचे महिना १२०० मिळतात ६५ च्या वरच्या गरीब माणसाला, खरं अर्ज कन्नडात, नोटीस कन्नडात. आमची मागची पिढी मराठी शाळेत शिकलेली, कन्नड बोलतात फाडफाड, वाचता येत नाही. एका ऑफिसात अण्णांचा अर्ज तीनदा परत आला, का ते कागदावर लिहिलं होतं, वाचायला कुणी नव्हतं.

म्हणून विचारतो अनगोळकर, तुमचे पप्पा सरकारी नोकरीत होते म्हणजे कन्नड लिहायला वाचायला येत असणार की?

---

खानापुरी_मिठाई | गुरुवार, सकाळी ११:२५

हां. हे बघा.

---

अनगोळचा_पोरगा | गुरुवार, रात्री १०:१०

येतं. खात्याची परीक्षा पास झालेत, आमच्या घरात तेवढं एकच अक्षर चांगलं आहे. माझ्या डोक्यात हे आलंच नाही कधी.

आईला लायटिंगचं विचारलं. दोन वर्षांपूर्वी मीटिंगमधे पोरं काहीतरी ठरवत होती, पप्पांना "सीरियल माळा" ऐवजी दुसरंच ऐकू आलं, उत्तर भलतंच दिलं, पोरं हसली. घरी येऊन म्हणाले आता नवीन पोरांना करू द्या. आम्ही म्हटलं किती मोठं मन.

शनिवारी कानाची अपॉइंटमेंट घेतलीय.

---

अनगोळचा_पोरगा | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:३०

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहितो.

दोन्ही कानांना मध्यम स्वरूपाचं कमी ऐकू येतंय निघालं. मशीन बसवलं. पहिला आठवडा नुसता वैताग, फ्रीजचा आवाज येतोय, पंख्याचा येतोय, आई भांडी आपटतेय, काढून डब्यात. फिजिओ सरांनी सांगितलं रोज थोडं थोडं वाढवा, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात मुलगी पाढे म्हणत होती, सतरा चोक सदुसष्ट म्हणाली, आणि सोफ्यावरनं आवाज आला, "अडुसष्ट." आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली बघायला. टीव्ही आता २० वर आहे.

शहापूरचे दादा अण्णांना घेऊन आले होते. पप्पांनी ती परत आलेली तिन्ही पत्रं वाचली. एकात नाव आधारवर वेगळं, एकात उत्पन्नाचा दाखला जुना, तिसऱ्यात नुसती सही राहिली होती. सही! पप्पा जे भडकले, मला लहानपणीचे पप्पा दिसले. दुसऱ्या दिवशी स्वतः अण्णांबरोबर जाऊन आले. अण्णांनी शेजारच्या दोघांना सांगितलं, त्यांनी आणि चौघांना. आता देवळाच्या कट्ट्यावर सकाळी दहा ते बारा बसतात, जुनी ऑफिसची बॅग, दोन पेन, गोंदाची बाटली, आणि चष्म्याला दोरी. चष्म्याची दोरी स्वतः जाऊन आणली, मी नाही आणली. आल्यागेल्याकडनं चहा घेत नाहीत, म्हणतात लाच दिसते.

सगळं गोड झालंय असं नाही. अजून रात्री कधीकधी ते वाक्य येतं. गुडघे दुखतातच. खुर्चीच्या ११ झाल्यात. बायको म्हणाली कट्ट्यावर बसून आल्यावर शर्ट रोज धुवायला पडतो, तेव्हा निपाणीच्या ताईंची आठवण झाली आणि मशीन मी लावायला लागलोय.

---

निपाणीची_सून | रविवार, संध्याकाळी ७:००

वाळत पण घाला.

---

आईची_लेक_शहापूर | रविवार, रात्री ८:१५

वाचून बरं वाटलं. माझ्या मावशीचा संध्या सुरक्षाचा अर्ज अडकलाय, तिला घेऊन येऊ का? गुरुवारी मला सुट्टी असते.

---

अनगोळचा_पोरगा | रविवार, रात्री ८:३०

शुक्रवारी या ताई. गुरुवारी पप्पा कट्ट्यावर नसतात, दाढेची अपॉइंटमेंट घेतलीय त्यांनी.